धामणगावचं एक गिऱ्हाईक

बुलढाण्यात कुणाच्या घरी लग्न ठरलं की आचाऱ्याच्या आधी योगिनीला फोन जातो. पंगतीला माणसं किती येतील, एवढंच विचारायचं असतं. योगिनी पत्रिका किती वाटल्या ते विचारते, मुलीकडचे कुठले, त्याच तारखेला गावात आणखी किती मांडव आहेत, कापूसवेचणीचे दिवस आहेत की मोकळे, हेही विचारते. मग चष्मा वर सरकवून एक आकडा सांगते. सातशे चाळीस सांगितला तर सातशे पस्तीस तरी जेवून उठतातच. तिचे यजमान रवी शाळेत गणित शिकवतात, पण बायकोसमोर गणिताचं नाव काढत नाहीत. शहाणा माणूस.

हीच योगिनी गेली अठरा वर्षं हिंमतरावांच्या ‘सुगी बाजार’मध्ये कामाला आहे. आधी काउंटरवर बिलं करायची, मग एमएससीआयटी केलं, आणि आता चिखली रोडवरच्या मुख्य ऑफिसात कॉम्प्युटर तिच्याकडं आहे. सुगी बाजार म्हणजे किराणा, साबण-सोडा, भांडी आणि थोडे कपडे. बुलढाण्यात दोन दुकानं, बाकी खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, लोणार, पिंपळगाव राजा आणि धामणगाव बढे, अशा मिळून नऊ शाखा. हिंमतराव एका गाळ्यापासून इथवर आलेले, त्यामुळं त्यांना वाचत बसायची सवय नाही. “योगिनी, मले एका पानात सांग,” हे त्यांचं रोजचं वाक्य. योगिनी पोतंभर माहिती एका पानात आणते आणि पानाची ओळ करून देते. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिला ते ठाऊकही होतं. पुढं जे घडलं त्याचं मूळ या ठाऊक असण्यातच आहे, असं माझं मत आहे.

दिवाळीला हिंमतरावांचे जावई आले. आल्हाद त्यांचं नाव, पुण्यात मोठमोठ्या दुकानांच्या माहितीचा अभ्यास करायची नोकरी. जावई हा दहावा ग्रह असं म्हणतात, पण हे जावई तसे नव्हते. हसतमुख माणूस, पाटावर बसून दोनदा बासुंदी मागून घेणारा. बासुंदी संपल्यावर ते म्हणाले, “बाबा, तुम्ही नऊही दुकानांना एकसारखा माल पाठवता. लोणारला जे खपतं ते मलकापूरला पडून राहतं. आपण शाखांचे गट पाडू. सारख्या गिऱ्हाइकांच्या शाखा एका गटात, आणि गटाप्रमाणं माल.”

हिंमतरावांना ते पटलं, पण समजलं नाही. योगिनीनं त्यांना समजावलं. “भाऊ, वांग्याच्या ढिगातून आपण भरताची वेगळी काढतो, भाजीची वेगळी. तसंच. पण आधी एकेका वांग्याकडं पाहावं लागते. एकेका शाखेत शेकड्यानं गिऱ्हाइकं. ती सगळी मी एका ओळीत आणते. गिऱ्हाइकं किती, महिन्यातून कितीदा येतात, एका वेळेला कितीचं नेतात, जास्त काय नेतात. नऊ शाखांच्या नऊ ओळी झाल्या की सारख्या ओळी एकीकडं.”

“हाव, हे बरं हाये,” हिंमतराव म्हणाले.

वर्षभराची बिलं काढून योगिनीनं आठ दिवसांत नऊ ओळी तयार केल्या. बिल करताना गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घ्यायची दुकानात पद्धत आहे, कारण त्या नंबरावर पॉइंट जमा होतात आणि पॉइंटवर भांडीकुंडी मिळतात. म्हणून एक नंबर म्हणजे एक गिऱ्हाईक, असा सरळ हिशेब तिनं धरला. आल्हादरावांनी पुण्याहून गट पाडून पाठवले. बुलढाणा, खामगाव आणि मलकापूर एकीकडं गेली. चिखली-मेहकर ही जोडी जमली. लोणार आणि पिंपळगाव राजा जवळजवळ बसली. धामणगाव बढे मात्र कुठंच बसेना.

बसणार तरी कसं? धामणगावच्या ओळीत गिऱ्हाइकं होती फक्त त्रेसष्ट, आणि ती महिन्यातून सरासरी चोवीस वेळा दुकानात येत होती.

“ही किरकोळ शाखाच नाही,” आल्हादराव फोनच्या स्पीकरवरून म्हणाले. “तिथं सहा-सात घाऊक व्यापारी आहेत आणि थोडी फुटकळ गिऱ्हाइकं. एवढ्यासाठी दुकान, चार माणसं, भाडं कशाला? शाखा बंद करा आणि आठवड्यातून एकदा गाडी पाठवा. व्यापाऱ्यांचं काम होईल.”

हिंमतरावांनी योगिनीकडं पाहिलं. “आकडे बरोबर हायेत ना?”

“बरोबर आहेत भाऊ,” योगिनी म्हणाली. तिनं क्षणभरही विचार केला नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी बैठक ठरली. त्या दिवशी धामणगावची शाखा बंद करायच्या कागदावर सही व्हायची होती.

तिसऱ्या दिवशी धामणगावहून शेखरचा फोन आला. शेखर तिथला शाखाप्रमुख, बारा वर्षं एकाच दुकानात. त्याच्या कानावर बातमी गेली होती. “ताई, आमची शाखा काऊन बंद करून राह्यले? पायटेपासून इथं गर्दी असते. बाजाराच्या दिवशी तं पाय ठेवाले जागा नसते. आम्ही चार जण आता कुठं जाचं?”

योगिनी त्याला आकडे सांगायला गेली, तर ते तिलाच खटकले. गर्दी आणि त्रेसष्ट गिऱ्हाइकं? पंगतीचा अंदाज बांधणाऱ्या बाईला एवढं न कळायला काय झालं होतं? तिनं फोन ठेवला आणि धामणगावची मूळ बिलं पुन्हा उघडली. बेरजा, सरासऱ्या सगळं बाजूला ठेवून एकेक बिल वाचायला लागली.

सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या नंबरावर महिन्याला दोनशेच्या वर बिलं होती. एकेक बिल दीडशे-दोनशेचं. व्यापारी असता तर खोक्यानं माल उचलला असता. हा व्यापारी पाव किलो शेंगदाणे, एक साबण, एक काडेपेटी नेत होता, आणि बाजाराच्या दिवशी एका तासात बावीस वेळा नेत होता. त्याच दिवशी त्यानं पाच वेगवेगळ्या कंपन्यांचा चहा घेतला होता. एका घरात पाच तऱ्हेचा चहा कोण पितं? योगिनीनं कपाळावर हात मारला. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण शीत हातात घेऊन पाहावं तरी लागतं. तिनं पाहिलंच नव्हतं. चार माणसांची रोजी आपल्या एका ओळीपायी जाते आहे, या विचारानं तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं रजा टाकली. आरोहीला, म्हणजे आपल्या लेकीला, डबा करून दिला, मोताळ्याला गाडी बदलली आणि धामणगाव बढ्याला उतरली. वेचणीचा हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, बाजाराच्या दिवशीच हातात पडतो, म्हणून रस्ता फुललेला. दुकानात शिरायला तिला ‘सरका, सरका’ करावं लागलं. काउंटरपाशी एक बाई बिल करत होती. शेखरनं नंबर विचारला. बाईनं मोबाइलकडं न पाहता धडाधड दहा आकडे म्हटले. तिच्यामागच्या बाईनं तेच दहा आकडे म्हटले. तिसरी तर नुसती म्हणाली, “अंबूबाईचा टाक.” शेखरनं टाकला.

योगिनीला समोर पाहून शेखरचा चेहरा उतरला. “ताई, यात काही लबाडी नाई,” तो म्हणाला. “नियमात लिवलं हाये नंबर घ्या. कोनाचा घ्या, हे नाई लिवलं.”

“मग मला सांगितलं काऊन नाही?”

“वाटलं, तुम्ही हे बंद करसान. मंग बायाइनं माझं दुकान बंद केलं असतं.”

तेवढ्यात अंबूबाईच आली. साठीची, ठेंगणी, डोईवर मेथीच्या जुड्यांची टोपली. घरच्या वावरातला भाजीपाला ती बाजारात विकते. टोपली काउंटरवर टेकवून तिनं योगिनीला सगळं समजावलं, आणि समजावताना जराही ओशाळली नाही.

“हे पाह्य माय. तुमचे पॉइंट वर्षानं मरतात. एका घराचे वर्षात होतात दीड हजार. कुकरले लागतात चार हजार. मंग कुकर काय पुढच्या जल्मी भेटन? म्हून आम्ही चौतीस घरांनी भिशी लावली. सगळ्याइचे पॉइंट माह्या नंबरावर. महिन्याले एक कुकर, नाई तं ब्लँकेट. चिठ्ठी काढतो. जिची निघाली, तिचं. तिसरं वर्ष हाये हे.” मग जरा अभिमानानं म्हणाली, “आमचं पाहून गावात आनखी सहा भिश्या लागल्या.”

थेंबे थेंबे तळे साचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण चौतीस घरांचे थेंब एका तळ्यात सोडायची अक्कल पॉइंटची योजना काढणाऱ्यालाही सुचली नसती. योगिनीला हसू आलं आणि त्याच वेळी स्वतःचा रागही आला. सात नंबर म्हणजे सात व्यापारी नव्हते, सात भिश्या होत्या. दोनशेच्या वर घरं तिनं सात माणसांत बसवली होती.

“काकू, एवढंच करा,” ती म्हणाली. “आजपासून ज्यानं त्यानं आपापला नंबर द्यावा. नाहीतर हे दुकान बंद होईल.”

“नंबर वेगळे केले का भिशी मोडली,” अंबूबाई म्हणाली. “आन् बायाइनं नंबर दिले का ‘लोन पाहिजे का’ म्हून दिवसभर फोन. नाई देनार कोनी. तुले घरंच पाहिजेत ना? लिहून घे.”

आणि तिनं तिथंच उभ्यानं चौतीस घरं सांगितली. कोण कोणता चहा पितं, कुणाला सोयाबीनचं तेल चालतं, कुणाला शेंगदाण्याचंच लागतं, कोणत्या घरी लेक बाळंतपणाला आली म्हणून खारीक-खोबरं जातं आहे. योगिनीचा पेन मागं पडायला लागला. शेवटी अंबूबाईनं तिची कीव करून सोपं केलं. “आमच्या गल्लीत घरं तीनच तऱ्हेची, माय. एक चहावर चालनारी, तिथं मानसाइची ये-जा. दुसरी तेलावर चालनारी, तिथं तरने पोरं, सकाळ-संध्याकाळ तळन. आन् तिसरी हप्त्यावर चालनारी, पैसा आला का घेतात, नाई तं चटनी-भाकर. कोनतं घर कशात, ते तू मले विचार.”

पुण्यात कॉम्प्युटरवर जे चाललं होतं तेच ही बाई मेथीच्या टोपलीजवळ उभी राहून करत होती, आणि हिच्या हिशेबातून एकही घर सुटलेलं नव्हतं. योगिनीनं मनोमन तिला हात जोडले. दोन जुड्या मेथी विकत घेतली आणि परतीच्या गाडीत बसली. घरी येऊन तिनं धामणगावची ओळ नव्यानं केली. नंबराऐवजी घरं धरली, बाकीच्या सहा भिश्यांची शेखरला विचारून अंदाजानं, तर गिऱ्हाइकं अडीचशेच्या वर गेली, महिन्याला पाच-सहा खेपा निघाल्या, आणि ती ओळ पिंपळगाव राजाच्या ओळीशेजारी सख्ख्या बहिणीसारखी बसली.

पण आल्हादराव ऐकेनात. चिडले नाहीत, समजुतीनंच बोलले. “योगिनीताई, तुमची तळमळ कळते. पण एका बाईनं तोंडी सांगितलेल्या यादीवर मी गट बदलू शकत नाही. उद्या दुसरा शाखाप्रमुख म्हणेल, माझ्याकडेही एका नंबरामागं पन्नास घरं आहेत. डेटात तर एकच गिऱ्हाईक दिसतंय.”

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. हिंमतराव दोघांच्या मधे अडकले. जावयाला चूक म्हणवत नव्हतं आणि योगिनीला खोटी म्हणवत नव्हतं. त्यांनी मान खाजवली, पान लावलं, आणि मग शेठ असूनही शहाणपणाचं बोलले. “असं करू. ज्या गिऱ्हाइकापायी शाखा बंद करतो, तिले बैठकीले बोलावू. आठवड्याची गाडी तिले चालन का, ते तिच्याच तोंडून ऐकू. काय जवाईबापू?”

“उत्तम,” आल्हादराव म्हणाले. “मी स्वतः येतो त्या दिवशी.”

निरोप धाडायचं काम योगिनीकडं आलं. तिनं अंबूबाईच्या नंबरावर लिहिलं: ‘या नंबरावरील ग्राहकास सोमवारी अकरा वाजता बुलढाणा ऑफिसात सन्मानाचं निमंत्रण.’ पाठवण्याआधी तिनं ते तीनदा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. नंबरावरचा ग्राहक एक की चौतीस, हे तिनं लिहिलं नव्हतं, एवढंच.

सोमवारी बैठकीच्या खोलीत पाहुणीसाठी एक गादीची खुर्ची ठेवली होती. टेबलावर एक शाल, एक नारळ, एक पेढ्यांचा पुडा. आल्हादराव लॅपटॉप उघडून बसले होते. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. योगिनी दोनदा जिन्याशी जाऊन आली. घाट चढून यायचं, मोताळ्याला गाडी बदलायची, बायांना कामं सोडून जमलं नाही तर? अंबूबाई एकटीच आली तर? तर तिच्या अंगावर शाल पडेल, फोटो निघेल आणि शाखा बंद होईल.

साडेअकराला जिन्यावर कलकल ऐकू आली. आधी अंबूबाई आत आली. तिच्यामागं दुसरी, तिसरी, आणि मग दार लागेचना. ठेवणीतली लुगडी, नव्या साड्या, कडेवर एक-दोन तान्ही. खुर्च्या भरल्या, मग खिडकीचा कट्टा भरला, मग बाया सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या. कोणी म्हणालं अर्ध्या तिकिटात आलो, कोणी म्हणालं कंडक्टर आमाले पाहून घाबरला. चहावाला आणलेले पाच कप तसेच घेऊन परत गेला.

हिंमतराव उभे राहिले. “हे कोन? आम्ही तं एकीले बोलावलं होतं.”

“नंबर आमच्या सगळ्याइचा हाये, भाऊ,” अंबूबाई म्हणाली. “सन्मान मी एकटीनं कसा घिऊ? शालीची बी चिठ्ठी काढनार हाओत आम्ही.”

हिंमतरावांनी आठवड्याच्या गाडीचं विचारलं. मग जे बोलणं झालं ते लिहून काढायचं म्हटलं तर दोन वह्या लागतील. एकीनं विचारलं, पाव्हणा बुधवारी आला तर साखर पुढच्या गाडीची वाट पाहील का. दुसरी म्हणाली, हप्ता बाजाराच्या दिवशी मिळतो आणि गाडी परवा आली तर मधल्या दिवसांत पैसा दुसरीकडंच जाईल. तिसरी नुसती म्हणाली, “शेखर उधारीवर नाई देत, पन वजनात मारत नाई.” ही शिफारस ऐकून हिंमतरावांना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांनी डोळ्यांवरून उपरणं फिरवलं. एका गाळ्याच्या दिवसांत त्यांनाही एकेका घराचा चहा ठाऊक असायचा.

आल्हादराव मोकळेपणी हसले. चांगल्या माणसाची हीच तर खूण असते. “मी हरलो,” ते म्हणाले. “पण ताई, हे तुमच्या पहिल्या ओळीत कसं नाही आलं?”

“माझीच चूक,” योगिनी म्हणाली. सगळ्यांसमोर, उभं राहून म्हणाली. “मी नंबर मोजले, माणसं मोजली नाहीत. भाऊंनी विचारलं तेव्हा बिनदिक्कत बरोबर आहे म्हणाले. एका ओळीत आणायच्या नादात एवढी घरं गाळली.”

असं म्हणून तिचं मन हलकं झालं. हिंमतरावांनी बंद करायचा कागद घडी घालून खिशात कोंबला. “धामणगाव राह्यते,” ते म्हणाले. “पिंपळगावच्या गटात टाका. जवाईबापू, बाकीच्या सहा भिश्याइचं कसं?”

“एक नवा रकाना करू,” आल्हादराव म्हणाले. “नंबराशेजारी घरं किती ते. शेखरनं मोजायचं, आम्ही तपासायचं. ही पहिली नोंद आत्ताच करतो.” त्यांनी खोलीभर बोट फिरवत बाया मोजल्या, दोनदा मोजल्या. “तेहतीस.”

योगिनीनं कॉम्प्युटरवर तेहतीस लिहिलं. शालीची चिठ्ठी निघाली, पेढे वाटले गेले, दोनची गाडी गाठायची म्हणून बाया उठल्या. अंबूबाई मात्र टेबलाजवळ आली आणि पडद्यावर वाकली. अक्षरं तिला लागत नव्हती, आकडे लागत होते.

“तेहतीस कसे, माय? जनकाबाई नाई का धरली?”

“ती आली कुठं?”

“आमच्या सगळ्याइचे लेकरं कोन सांभाळून राह्यलं मंग?” अंबूबाई म्हणाली. “ती घरी राह्यली म्हून आम्ही येऊ शकलो. तिले कसं गाळतं?”

योगिनीनं तेहतीस पुसलं आणि चौतीस लिहिलं. अंबूबाईनं तो आकडा डोळे बारीक करून नीट पाहिला, मान हलवली, आणि मगच जिना उतरायला लागली.